चाचणी सर्व्हरची अदलाबदल: प्रकल्प नोंदी, फेब्रुवारी ते जुलै २०२४

१२ फेब्रुवारी २०२४, सोमवार

आजपासून नोंदी सुरू. विषय पुण्याच्या ऑफिसातला सामायिक चाचणी सर्व्हर, ज्याला सगळे नुसतं ‘टेस्ट’ म्हणतात. पतसंस्थांच्या हिशेबाचं मुख्य सॉफ्टवेअर करणारी टीम, मोबाइल ॲपवाले, रिपोर्टवाले आणि टेस्टिंगची टीम, असे चार भागीदार आहेत. मालक कुणीच नाही, म्हणून देखभाल माझ्याकडे.

निमित्त तारखेचं. या सर्व्हरवरची ऑपरेटिंग सिस्टिम (ओएस) सेंटओएस ७, आणि तिचे सुरक्षा अपडेट ३० जून २०२४ नंतर बंद होणार. जुलै २०१४ ला आलेली आवृत्ती दहा वर्षं चालली, त्याबद्दल तक्रार नाही. मधल्या काळात सेंटओएस ८ वर उडी मारली नाही हे नशीब. २०२९ पर्यंत चालेल असं सांगितलेली ती आवृत्ती डिसेंबर २०२० च्या घोषणेनंतर वर्षभरात गुंडाळली गेली.

सध्याची स्थिती: एक लोखंडी डबा, आयव्ही ब्रिज पिढीचे दोन झिऑन प्रोसेसर, १२८ जीबी मेमरी, वर प्रॉक्समॉक्स ७.४, म्हणजे एका डब्यात अनेक आभासी मशिन चालवणारं सॉफ्टवेअर. त्यात एक अवाढव्य व्हीएम (आभासी मशिन) आणि त्या एकाच व्हीएममध्ये डेटाबेस पोस्टग्रेस १०, प्रोग्राम वेगवेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं डॉकर, बिल्ड करणाऱ्या जेन्किन्सचा एजंट, सांबाचं सामायिक फोल्डर, शिवाय कुणी कधी टाकलं आठवत नाही असं बरंच काही. ग्राहकांकडे मात्र पोस्टग्रेस १२ आहे. म्हणजे आपण एका आवृत्तीवर तपासतो आणि दुसऱ्या आवृत्तीवर विकतो. १० चा आधार नोव्हेंबर २०२२ मध्येच संपलाय, १२ चा येत्या नोव्हेंबरात संपेल.

मोबाइलवाल्यांची कुरकूर सर्वांत जुनी. नोड १८ ला (जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) ग्लिबसी, म्हणजे लिनक्सची पायाभूत लायब्ररी, २.२८ लागते, सेंटओएस ७ वर आहे २.१७. त्यात आता व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरच्या नव्या आवृत्तीने इतक्या जुन्या मशिनला रिमोट जोडणी नाकारली, म्हणून अर्धी टीम जुनी आवृत्ती धरून बसली आहे.

लक्ष्य: अल्मालिनक्स ९ (सेंटओएससारखीच, रेड हॅटच्या घराण्यातली ओएस) आणि पोस्टग्रेस १६. अल्मा ९ ला २०३२ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतील. आधी चाचणी, मग ऑक्टोबरच्या आसपास ग्राहकांचे सर्व्हर.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

गुरुवार, म्हणून सकाळी दुरुस्तीसाठी वीज बंद. यूपीएसने धरलं. कटओव्हरसाठी (जुन्यावरून नव्यावर जायच्या दिवसासाठी) गुरुवार आणि आदली रात्र कायमची बाद, असं लिहून ठेवतो.

चारही टीमना विचारलं होतं: तुमचं ‘टेस्ट’वर काय काय चालतं? उत्तरं आली. व्यवस्थित, नेटकी आणि अपुरी. चारही याद्या एकत्र केल्या तरी चालू असलेल्या पोर्टांपैकी बऱ्याच पोर्टांना वाली मिळत नाही. रिपोर्टवाले म्हणाले, “आमचं दोनच गोष्टींवर काम आहे.” त्यांच्याच नावाची पाच क्रॉन (वेळ लावून ठेवलेली) कामं रात्री उठतात.

विचारून कळत नाही, पाहून कळेल. पोस्टग्रेसमध्ये जोडण्यांची नोंद चालू केली, सांबाचा ऑडिट चालू केला आणि दर पाच मिनिटांनी उघड्या टीसीपी जोडण्या फाइलमध्ये उतरवणारी छोटी स्क्रिप्ट लावली. महिनाअखेरचं चक्र पकडलं जाईल इतके दिवस हे चालू राहू दे. महिन्यातून एकदाच येणारा पाहुणा आठवड्याच्या नोंदीत सापडत नाही.

२१ फेब्रुवारी, बुधवार

बैठक. मुद्दा एकच: आहे त्या व्हीएमवरच आवृत्ती चढवायची, की शेजारी नवं उभं करायचं?

आहे तिथेच चढवायला अल्माचं एलिव्हेट हे साधन आहे, ते लीप या रेड हॅटच्या साधनावर चालतं. ७ वरून थेट ९ वर जाता येत नाही, वाटेत ८ वर थांबावं लागतं. मुख्य टीमच्या सरांना हा मार्ग हवा होता, कारण “पत्ते बदलायला नकोत, कॉन्फिग बदलायला नकोत.” त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण हा सर्व्हर चौघांचा आहे. मधेच अडकला तर चौघं एकदम बसून राहणार, आणि मागे फिरायचं तर सगळ्यांचं त्या दिवसाचं काम पुसून फिरावं लागणार. शिवाय दहा वर्षांचा साठलेला गाळ नव्या घरात जसाच्या तसा जाईल.

ठरलं: शेजारी नवं उभं करायचं आणि एका व्हीएमऐवजी चार करायची: डेटाबेस, ॲप आणि डॉकर, रिपोर्ट, आणि बिल्डचा एजंट. टीम एकेक करून हलतील. प्रत्येक सेवेला आतल्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीत) नाव द्यायचं. आत्ता सगळीकडे आयपी पत्ता ठोकून बसवलाय, तो काढून नाव घालायचं काम आजपासूनच, जुन्या सर्व्हरवरच सुरू करायचं. नाव एकदा बसलं की बदलीच्या दिवशी डीएनएसमधली एक ओळ बदलायची.

टेस्टिंगच्या मॅडमनी एक मुद्दा काढला जो माझ्या डोक्यात नव्हता: ग्राहक ऑक्टोबरपर्यंत जुन्याच जोडीवर राहणार, मग तातडीची दुरुस्ती कशावर तपासायची? बरोबर आहे. म्हणजे जुनं ३० जूनला मारता येणार नाही. त्याची एक छाटलेली प्रत ठेवावी लागेल, इंटरनेटशिवाय, वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात). तिला ‘हॉटफिक्स’ म्हणायचं. आणि ग्राहकांकडे १२ आहे तर तिथेही १२ च हवं, १० नाही.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

अल्मा ९ चा इन्स्टॉलर सुरूच होईना. पडद्यावर ग्लिबसीची तक्रार: प्रोसेसर एक्स८६-६४-व्ही२ नाही. पाठोपाठ कर्नल पॅनिक. मुख्य टीममधल्या एकाने लगेच निकाल दिला की डबा जुना झाला, नवा घ्या.

डबा जुना आहे, पण इतका नाही. रेड हॅट ९ च्या घराण्याला व्ही२ लागतो, म्हणजे एसएसई ४.२ वगैरे सूचना, आणि त्या इंटेलच्या नेहेलम पिढीपासून आहेत. अडचण प्रॉक्समॉक्सची. ७ व्या आवृत्तीत नवं व्हीएम बनवलं की त्याला प्रोसेसरचा प्रकार केव्हीएम६४ मिळतो. तो जाणूनबुजून जुनाट दाखवलेला असतो, म्हणजे व्हीएम कुठल्याही डब्यावर नेता यावं. आपल्याकडे डबा एकच. प्रकार ‘होस्ट’ केला आणि इन्स्टॉलर मुकाट चालला.

मात्र बजेटच्या कागदासाठी: रेड हॅटच्या १० व्या आवृत्तीसाठी व्ही३ चा विचार चाललाय, आणि तो हॅसवेलपासून पुढे. आपले प्रोसेसर त्यात बसत नाहीत. नवा डबा या वर्षी नको, पण विषय संपलेला नाही.

१ मार्च, शुक्रवार

महिनाअखेर उलटली. नोंदी चाळल्या. ही नोंद सविस्तर लिहितो, कारण आराखडा इथेच बदलला.

पहिला अनोळखी: रोज दुपारी जोडणारा एक लॅपटॉप. शोधलं तर सेल्सचा. ग्राहकाला डेमो ‘टेस्ट’वरूनच दाखवतात, व्हीपीएन लावून, कधी नगरहून तर कधी सांगलीहून. सेल्सच्या सरांना विचारल्यावर म्हणाले, “अहो, मग दाखवायचं कशावर? तुम्ही दुसरं काही दिलंत का कधी?” निरुत्तर. आजवर आम्ही सकाळी डेटाबेस पुसून नवा टाकायचो तेव्हा कुठल्या तरी संस्थेच्या चेअरमनसमोर यांचा पडदा पांढरा होत असणार, आणि ते बिचारे नेटवर्कला दोष देऊन वेळ मारून नेत असणार.

दुसरा: महिन्याच्या शेवटच्या रात्री तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांचा ताळा) काढून सांबाच्या फोल्डरमध्ये टाकणारी पायथन स्क्रिप्ट. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला. फाइल उघडणारं कुणी आहे का पाहिलं, तर आहे: टेस्टिंगची टीम दर महिन्याला तीच तेरीज प्रमाण धरून नव्या बिल्डचे आकडे ताडून पाहते. त्यांच्या यादीत ही स्क्रिप्ट नव्हती, कारण त्यांच्या लेखी ती ‘एक फाइल’ आहे, सर्व्हरवरचं काम नाही. स्क्रिप्ट पायथन २.७ मध्ये, आणि अल्मा ९ मध्ये पायथन २ नाहीच. ती पायथन ३ मध्ये लिहून घ्यायची. पूर्णांकांच्या भागाकाराचा नियम बदलला आहे आणि स्क्रिप्ट रक्कम पैशांत धरते, तेव्हा जुन्या-नव्याचे आकडे पैशापर्यंत जुळवून मगच ताब्यात द्यायची.

तिसरा: हजेरीचं यंत्र वेळ विचारायला येतं. ‘टेस्ट’ कधीकाळी एनटीपी सर्व्हर केला होता म्हणे. त्याला राउटरकडे वळवलं.

यादीत भर: सेल्ससाठी पाचवं, छोटं व्हीएम. कुणी मागितलेलं नाही, पण ते दिलं नाही तर नव्या घरातही हे पाहुणे खिडकीतून येणारच.

६ मार्च, बुधवार

पोस्टग्रेस. डेटा डिरेक्टरी उचलून नव्या मशिनवर ठेवायची आणि पीजी_अपग्रेड चालवायचं, हा वेगवान मार्ग होता. तो बाद. कारण ग्लिबसी.

मजकुराचा क्रम पोस्टग्रेस स्वतः ठरवत नाही, ओएसच्या ग्लिबसीला विचारतो. २.२८ मध्ये ग्लिबसीने क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. आपण २.१७ वरून २.३४ वर चाललोय, म्हणजे तो उंबरठा ओलांडूनच. जुन्या क्रमाने रचलेला इंडेक्स (शोधसूची) नव्या नियमाने शोधायला गेलं की असलेली ओळ सापडत नाही, आणि युनिक असलेल्या रकान्यात तीच नोंद दुसऱ्यांदा शिरू शकते. चूक कुठेही लाल अक्षरांत दिसत नाही.

ओळखायची सोपी चाचणी आहे. इंग्रजी आकड्यांत १-१ आणि ११ अशा दोन ओळी अमेरिकन इंग्रजी लोकेलमध्ये सॉर्ट करायच्या. जुन्या सर्व्हरवर ११ आधी येतो, नव्यावर १-१ आधी. आपल्याकडे खाते क्रमांक नेमके असेच आहेत: शाखा, मधे आडवी रेघ, मग क्रमांक, आणि रकाना मजकुराचा. उदाहरण म्हणून बनवलेली चाचणी आपल्या मुख्य टेबलाला तंतोतंत लागू पडते.

म्हणून डंप काढून रिस्टोअर, म्हणजे सगळा डेटा फाइलमध्ये उतरवून नव्याकडे पुन्हा भरायचा. वेळ जास्त लागतो, पण इंडेक्स नव्या मशिनवर नव्याने बांधले जातात. आपला सर्वांत मोठा डेटाबेस इतका मोठा नाहीच की हे परवडू नये.

तरी छापील याद्यांचा क्रम बदलणार. रिपोर्टवाल्यांनी सदस्ययादी दोन्हीकडे काढून ताडली. ‘कै.’, ‘सौ.’ अशी टिंबं आणि आडनावातल्या रेघा जिथे आहेत तिथे ओळी हलल्या. आधी चिन्हांकडे पहिल्या फेरीत दुर्लक्ष व्हायचं, आता होत नाही. टेस्टिंगच्या मॅडम म्हणाल्या, “ऑडिटरला यादी मागच्या वर्षीसारखी नाही दिसली तर तो पहिला प्रश्न आपल्यालाच विचारेल.” खाते क्रमांकाच्या रकान्याला ‘सी’ कोलेशन (क्रम लावायचा नियम) लावायचं ठरलं, म्हणजे पुढे कुठलीही ओएस आली तरी क्रम ढळणार नाही.

नावांसाठी आयसीयू या भाषाविषयक लायब्ररीचा मराठी क्रम वापरावा असा आग्रह रिपोर्टवाल्यांनी धरला. कल्पना चांगली आहे. या प्रकल्पात नाही. दोन बदल एकदम केले की बिघडल्यावर कुणामुळे बिघडलं ते कळत नाही.

८ मार्च, शुक्रवार

वर्षअखेरीच्या चाचण्यांसाठी जुन्या सर्व्हरला ८ एप्रिलपर्यंत हात लावायचा नाही. नव्या व्हीएमवरचं काम चालू राहील.

१ एप्रिल, सोमवार

बँकांना आज वार्षिक हिशेबासाठी सुट्टी, आणि आपल्या सपोर्टचे फोन सकाळपासून चालू. त्यात एक्सझेडची बातमी.

२९ मार्चला, गुड फ्रायडेच्या दिवशी, आंद्रेस फ्रॉइंड यांनी जाहीर केलं की एक्सझेड युटिल्स या फाइल दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये चोरदार पेरलेलं आहे. फ्रॉइंड हे पोस्टग्रेसच्या मुख्य विकासकांपैकी एक. त्यांच्या मशिनवर एसएसएच (दुरून सर्व्हरवर शिरायच्या) लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढ्या धाग्यावरून त्यांनी हे उकललं. अर्धा सेकंद! आपल्या ‘टेस्ट’वर लॉगिनला चहा येईपर्यंत वेळ लागला तरी कुणी विचारत नाही.

तपासणी: जुन्या सेंटओएसवर ५.२.२, नव्या अल्मावर ५.२.५. दोन्ही सुटले. कंटेनरच्या इमेजही (ज्यांवरून कंटेनर बनतात) पाहिल्या. मोबाइलवाल्यांच्या एका इमेजचा पाया डेबियन टेस्टिंग (डेबियन लिनक्सची अजून स्थिर न झालेली आवृत्ती) निघाला, मार्चात बांधलेली. त्यात एसएसएच चालत नव्हतं, पण ती टाकून स्थिर डेबियनवर पुन्हा बांधायला लावली. यातून आराखड्यात एक कलम वाढलं: सामायिक सर्व्हरवर चालणाऱ्या इमेजचा पाया स्थिर आवृत्तीचाच हवा. मोबाइलवाले नाखूश आहेत. असू देत.

१० एप्रिल, बुधवार

काल पाडवा. आज डेटाचा विषय, जो मी मुद्दाम वर्षअखेर उलटेपर्यंत थांबवून ठेवला होता.

‘टेस्ट’वरचा डेटा म्हणजे ग्राहकांच्या डेटाची प्रत. खरी नावं, खरे मोबाइल क्रमांक, पॅन, आधार. चार टीम आणि सेल्सचे लॅपटॉप मिळून ती कुणीही वाचू शकतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला, नियम अजून यायचेत. पण नियमांची वाट पाहत जुनी प्रत नव्या सर्व्हरवर उचलून ठेवणं मला पटत नाही. नव्या घरात फक्त झाकलेला डेटा जाईल.

झाकायचं कसं, यावर दुपार गेली. पहिला प्रस्ताव नावांच्या जागी इंग्रजी एक्सची माळ टाकायचा. मॅडमनी तो जागच्या जागी मारला. पासबुकाच्या छपाईतले निम्मे दोष नावांमुळे सापडतात: ‘ज्ञानेश्वर’, ‘लक्ष्मीबाई’, ‘कृष्णाजी’ अशा जोडाक्षरांवर फॉण्ट फुटतो, रकान्याची रुंदी चुकते, ओळ खाली सरकते. एक्सची माळ नेहमी सुंदर छापली जाते. म्हणून देवनागरी नावांचा साठा बनवायचा, जोडाक्षरांनी भरलेला, लांब-आखूड, आणि तेच मूळ नाव नेहमी त्याच बदली नावावर जाईल असं करायचं. नाहीतर जामीनदार आणि कर्जदार यांच्या साखळ्या तुटतात.

मोबाइल: भारतात मोबाइल क्रमांक ६ ते ९ ने सुरू होतात, तेव्हा ५ ने सुरू होणारे टाकायचे, म्हणजे ते कुणाच्याच मोबाइलचे नसतील. शिवाय एसएमएस गेटवेकडे जाणारा रस्ता फायरवॉलवरच बंद, आणि ईमेल मेलहॉग या चाचणीच्या मेल सर्व्हरमध्ये अडवायचे. एखाद्या आजोबांना रात्री ‘आपल्या खात्यातून पन्नास हजार वजा’ असा चाचणीचा संदेश जायला नको.

आधारने जरा दमवलं. शेवटचा अंक व्हेरहॉफ या ताळा-अंकाच्या पद्धतीने येतो आणि आपला फॉर्म तो तपासतो, त्यामुळे मनाने टाकलेले बारा अंक चालत नाहीत. नियमात बसणारे बनवले तर ते कुणाचे तरी खरे निघण्याची शक्यता. मार्ग असा काढला: खरा आधार क्रमांक ० किंवा १ ने सुरू होत नाही, म्हणून बनावट क्रमांक १ ने सुरू करायचे, शेवटचा अंक व्हेरहॉफप्रमाणे बरोबर ठेवायचा, आणि पहिल्या अंकाची तपासणी फक्त चाचणीच्या कॉन्फिगमध्ये सैल करायची. मुख्य टीम हे करून देणार.

२३ एप्रिल, मंगळवार

रिपोर्ट सेवा नव्या व्हीएमवर उभी केली आणि ती मोठा रिपोर्ट काढताना मरते. संदेश काही नाही, कंटेनर नाहीसा. कर्नलच्या नोंदीत मेमरी संपल्याने मारल्याची ओळ.

अल्मा ९ वर सीग्रुप (मेमरीची मर्यादा घालणारी लिनक्सची यंत्रणा) आवृत्ती २ डीफॉल्ट आहे. कंटेनरला दोन जीबीची मर्यादा घातलेली, पण आतलं जावा ८ इतकं जुनं की त्याला ती मर्यादा नव्या पद्धतीत वाचताच येत नाही. ते अख्ख्या व्हीएमची मेमरी आपली समजून तिच्या पावपट हीप (कामाची मेमरी) धरतं आणि वाढत जाऊन फटका खातं. जुन्या सर्व्हरवर सीग्रुप १ होतं, म्हणून इतके दिवस दिसलं नाही. जावा ८ मध्ये हा आधार ८यू३७२ पासून, ११ मध्ये ११.०.१६ पासून आहे. इमेज बदलली, सेवा उभी राहिली.

त्याच सेवेचा जेडीबीसी ड्रायव्हर (जावाला डेटाबेसशी जोडणारा) पोस्टग्रेस ९.४ च्या काळातला. पासवर्ड नव्याने दिल्यावर “ऑथेंटिकेशन प्रकार १० चालत नाही” असं म्हणायला लागला. पोस्टग्रेस १४ पासून नवे पासवर्ड स्क्रॅम या नव्या पद्धतीने साठवले जातात, ड्रायव्हर ४२.२.० किंवा त्यापुढचा हवा. जुन्या हॅशवर परत जायचा हट्ट रिपोर्टवाल्यांनी धरला होता. ड्रायव्हर बदलायला त्यांना अर्धा तास लागला, हट्टाला त्याहून जास्त.

मोबाइलवाल्यांच्या स्वयंचलित चाचण्या मात्र वेगळ्या कारणाने पडल्या. पोस्टग्रेस १५ पासून नव्या डेटाबेसच्या पब्लिक स्कीमात (टेबलांच्या सामायिक कप्प्यात) कुणालाही टेबल बनवता येत नाही. डंपमधून आलेल्या डेटाबेसला जुन्या परवानग्या राहतात, म्हणून मुख्य टीमला काही जाणवलं नाही. पण या चाचण्या दर वेळी कोरा डेटाबेस बनवतात, तोही सुपरयुजरच्या नावाने. डेटाबेसची मालकी ॲपच्या युजरकडे द्यायची, एका ओळीचा बदल.

६ मे, सोमवार

तारखा. कॅलेंडर समोर ठेवून बसलो.

१३ मेला पुण्याचं मतदान, सोमवारी. शनिवार-रविवार जोडून निम्मे लोक गावी जाणार, तेव्हा तो आठवडा बाद. रंगीत तालीम १८ मे, शनिवार. खरी बदली १५ जून, शनिवार. १७ ला बकरी ईदची सुट्टी आहे, तेव्हा काही उलटलं तर एक दिवस पदरात. ३० जून हीच शेवटची तारीख धरा असं संचालकांचं म्हणणं होतं. त्यांना दाखवलं की ३० जूनला रविवार आहे आणि त्याच दिवशी ज्ञानोबा-तुकोबांच्या दोन्ही पालख्या पुण्यात येतायत. रस्ते बंद. डब्यापाशी हात लावायला माणूस पोहोचायचा कसा? लगेच पटलं.

परतीची अट लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या: शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत मुख्य टीमची प्राथमिक चाचणी हिरवी झाली नाही तर डीएनएस पुन्हा जुन्याकडे. सहा म्हणजे सहा. “अजून दहा मिनिटं द्या” हे वाक्य त्या दिवशी चालणार नाही, हेही लिहिलंय.

१८ मे, शनिवार

तालीम. डंप आणि रिस्टोअर अपेक्षेहून लवकर. झाकणीची स्क्रिप्ट अपेक्षेहून फार सावकाश, कारण ती ओळ-ओळ चालत होती. ती डेटाबेसच्या आत, एका झटक्यात चालेल अशी करायला दिली.

अडकलं ते जेन्किन्सवर. तैनातीच्या प्लगिनमधली एसएसएचसाठीची जेएसच लायब्ररी ०.१.५५, ती आरएसए किल्लीने सही करते ती शा-१ ही जुनी पद्धत वापरून, आणि अल्मा ९ चं डीफॉल्ट क्रिप्टो धोरण शा-१ ची सही मानत नाही. एका कमांडने धोरण सैल करता येतं आणि नेटवर पहिलं उत्तर तेच मिळतं. तसं करायचं नाही. एका जुन्या प्लगिनसाठी अख्ख्या सर्व्हरचं कुलूप सैल करणं योग्य नाही. एड२५५१९ किल्ली या लायब्ररीला कळत नाही, ईसीडीएसए कळते, तीही पेम स्वरूपात दिली तर. तशी बनवली, चाललं.

३ जून, सोमवार

मोबाइलवाले आणि सेल्स आधीच हलले. सेल्सच्या सरांनी स्वतःहून फोन केला, त्यांचा डेमो आता सकाळी कुणी पुसत नाही. नोड १८ चालल्यामुळे मोबाइलवाले डेबियनचा राग विसरले आहेत. रिपोर्टवाल्यांचा एक जण अजून आयपी पत्त्याने जुन्याकडेच जातो, नोंदीत दिसतंय. त्याच्या टेबलाशी जाऊन बसलो. एक्सेलच्या फाइलमध्ये ओडीबीसीची (थेट डेटाबेसची) जोडणी दडलेली, तीन वर्षांपूर्वीची. बदलली.

१५ जून, शनिवार

मुख्य टीम आणि टेस्टिंग. डीएनएस सकाळी बदलला. प्राथमिक चाचणी दुपारी चारच्या आत हिरवी. तेरीज जुन्या-नव्यात पैशापर्यंत जुळली. सहाच्या अटीची गरज पडली नाही.

१९ जून, बुधवार

जुन्या व्हीएमचं नेटवर्क कार्ड काढलं, व्हीएम बंद केलं नाही. आठवडाभर कोण ओरडतं ते पाहायचं. ‘हॉटफिक्स’ प्रत वेगळ्या व्हीलॅनमध्ये उभी, सेंटओएस ७ आणि पोस्टग्रेस १२ वर, फक्त दोन नेमून दिलेल्या मशिनवरून जाता येईल अशी.

२८ जून, शुक्रवार

ओरडलं फक्त हजेरीचं यंत्र. राउटरकडे वळवलेलं असूनही दुसरा पर्याय म्हणून त्यात जुना पत्ता राहिला होता. काढला. जुनं व्हीएम बंद करून बॅकअप घेतला.

२ जुलै, मंगळवार

सकाळी दोन गोष्टी एकदम.

पहिली अपेक्षित. मुख्य टीमच्या जुन्या शाखेचं डॉकर बिल्ड पडलं: सेंटओएसच्या मिररलिस्टचा (पॅकेजं कुठून घ्यायची त्या यादीचा) पत्ता सापडत नाही. ३० जून उलटली आणि मिररलिस्ट गेली. ‘हॉटफिक्स’साठी लागणारी पायाभूत इमेज सगळी पॅकेजं आत घालून आधीच स्थानिक रजिस्ट्रीत ठेवली होती. डॉकरफाइलमधली पहिली ओळ तिकडे वळवायला सांगितलं.

दुसरी चिडवणारी. काल क्वालिस या सुरक्षा कंपनीने ओपनएसएसएचमधला (एसएसएच चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला) दोष जाहीर केला, सीव्हीई-२०२४-६३८७. २००६ मध्ये दुरुस्त झालेला दोष २०२० मधल्या एका बदलाने परत आला, आणि ८.५पी१ ते ९.७पी१ या आवृत्त्यांना लागू. अल्मा ९ वर ८.७पी१, म्हणजे आपली पाचही नवी व्हीएम. प्रॉक्समॉक्स ७ च्या पायातल्या डेबियन ११ वर ८.४पी१, सुटलं. सेंटओएस ७ वर ७.४पी१, तेही सुटलं. मुख्य टीमच्या सरांनी एवढंच विचारलं, “म्हणजे जुनं होतं ते बरं होतं?”

अल्माने पॅच कालच काढलाय. बिल्डचं व्हीएम आधी, मग बाकी चार, जेवणाच्या सुट्टीत, एकेक करून. कुणाला कळलंही नाही. हीच बातमी सेंटओएस ७ ला लागू असती तर आज पॅच देणारं कुणी नव्हतं, हे सरांना सांगितलं. ते हसले आणि ऑक्टोबरची तारीख विचारली.

बाकी राहिलेलं: प्रॉक्समॉक्स ८ वर जाणं जुलैअखेरच्या आत, कारण ७ चा आधार तेव्हा संपतो. ‘हॉटफिक्स’चं आयुष्य ग्राहकांची बदली पूर्ण होईपर्यंत. जुन्या व्हीएमचा बॅकअप, ज्यात न झाकलेला डेटा आहे, ३० सप्टेंबरला पुसायचा. तो पुसल्याची नोंद माझी आणि मॅडमची, दोघांच्या सहीने.